खोका उघडल्यावरचे पहिले तीन तास: ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा स्टार्टर सेट सोप्या मराठीत

खोका उघडला की पहिला प्रश्न ठरलेला: पट कुठं आहे? सापशिडी घ्या, ल्युडो घ्या, व्यापार घ्या, पट असतो, सोंगट्या असतात, शेवटी कुणीतरी जिंकतं. या खोक्यात त्यातलं काही नाही. दोन पुस्तिका, पाच पात्रांचे कागद आणि सहा फासे. २०१४ च्या संचात नियमांची पुस्तिका ३२ पानांची आणि साहसकथेची ६४ पानांची होती. २०२२ च्या संचात नियम तेवढेच, कथा ४८ पानांची. लातूर असो की परभणी, कुरिअरने आलेल्या या खोक्याभोवती घरातली पोरं कोंडाळं करून बसतात आणि दहा मिनिटांत निम्मी उठून जातात. ‘यात खेळायचं काय?’ याचं उत्तर खोक्यावर कुठं छापलेलं नसतं. म्हणून आधी तेच.

एक जण प्रसंग सांगतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने ‘मी असं करतो’ म्हणतात. ते जमलं की फसलं याची शंका असेल तिथंच फासा टाकायचा. प्रसंग सांगणाऱ्याला डन्जन मास्टर म्हणतात, बोलण्यात डीएम. डन्जन म्हणजे साहस जिथं घडतं ते भुयार, तळघर. पैठणच्या एकनाथांची भारुडं ज्यांनी गावात रात्र जागून पाहिली आहेत त्यांना हे पटकन कळेल. भारुडात माणूस जोशाचं, वासुदेवाचं सोंग घेतो आणि त्या सोंगातून बोलतो. इथंही प्रत्येक खेळाडू एक सोंग घेतो, पण सोंगाचे शब्द आधी लिहिलेले नसतात आणि पुढं काय होणार हे डीएमलाही पूर्ण ठाऊक नसतं. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत छापला. त्याचं मूळ छोट्या सैनिकांच्या बाहुल्यांनी खेळल्या जाणाऱ्या लढाईच्या खेळांत आहे. त्यामुळंच आजही यात अंतर फुटांत मोजतात आणि चिलखताला आकडा असतो.

डीएम हा विरोधी खेळाडू नाही, हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना स्पष्ट सांगा. आपल्याकडं खेळ म्हटलं की दोन बाजू, ही सवय पक्की असते. डीएम गॉब्लिनच्या, म्हणजे गोष्टीतल्या खुज्या लुटारू राक्षसांच्या, बाजूने जिंकायला बसला तर खेळ अर्ध्या तासात संपतो, आणि तसं का होतं याचा हिशोब पुढं दिला आहे.

सोपं केलंय म्हणजे नेमकं काय केलंय

संच सोपा आहे म्हणतात, पण त्यात नियम फार कमी केलेले नाहीत, निवडी कमी केल्या आहेत. पूर्ण खेळात पात्र बनवायलाच एक संध्याकाळ जाते: वंश कोणता, पेशा कोणता, सहा गुणांना किती आकडे, कोणती शस्त्रं, कोणते मंत्र. संचात हे सगळं आधीच ठरवून दिलेलं आहे. २०१४ च्या खोक्यात दोन लढवय्ये, एक देवाचा उपासक, एक जादूगार आणि एक चोरपावलांचा गडी होता. नाव लिहायचं आणि सुरू. पण फासा टाकणं, लढाईतली पाळी, जादू आणि विश्रांती यांचे नियम खऱ्या खेळाचेच आहेत. आमच्या मते हे योग्य केलं आहे, कारण इथं शिकलेलं पुढं पुसून टाकावं लागत नाही. मात्र या दोन्ही खोक्यांत स्वतःचं पात्र बनवायचे नियम नाहीत. २०१९ चा एसेन्शियल्स किट, याच खेळाचा आणखी एक खोका, त्या बाबतीत उजवा आहे. त्यात पात्र बनवता येतं आणि फासेही अकरा मिळतात.

पात्राच्या कागदावर नवखा माणूस सगळ्यांत जास्त एकाच ठिकाणी अडतो. सहा गुण असतात आणि प्रत्येकापुढं दोन आकडे: १६ आणि +३, किंवा ८ आणि -१. मोठा आकडा विसरा. खेळताना लागतो तो लहान. मोठ्यातून १० वजा करायचे, उरलेलं निम्मं करायचं, अर्धा आला तर खाली आणायचं: १६ चे +३, १५ चे +२, ८ चे -१. पोरं हमखास फाशात १६ मिळवतात आणि ‘तीस आले!’ म्हणून ओरडतात. खेळ सुरू करायच्या आधी पेन्सिलीने सगळ्यांच्या लहान आकड्यांना गोल करून ठेवा, हा गोंधळ तिथंच मिटतो.

गुणांची नावं मराठीत सांगताना शब्दकोश उघडू नका. स्ट्रेंग्थ म्हणजे ताकद, डेक्स्टेरिटी म्हणजे चपळाई, कॉन्स्टिट्यूशन म्हणजे दम, इंटेलिजन्स म्हणजे बुद्धी, इथवर सोपं. विज्डमला शहाणपण म्हटलं की घोटाळा होतो. खेळात तो गुण लागतो तो चाहूल घेण्यासाठी आणि समोरचा खोटं बोलतोय का ते ओळखण्यासाठी. त्याला ‘भान’ म्हणा. करिझ्मा म्हणजे ‘छाप’, चारचौघांत बोलण्याचं वजन.

आता सगळ्या खेळाचा कणा. वीस बाजूंचा फासा टाका, गुणाचा आकडा मिळवा, आणि ज्या कामात पात्र तरबेज आहे तिथं आणखी २ मिळवा. बेरीज ठरलेल्या आकड्याला पोचली की जमलं. सोप्या कामाला १०, मध्यम कामाला १५, अवघड कामाला २०. ताकद +३ आणि तरबेजपणाचे २ असे +५ असणाऱ्याला १५ गाठायला फाशावर १० किंवा जास्त हवेत. म्हणजे वीसपैकी अकरा बाजू, शंभरात ५५ वेळा. ज्याचा आकडा शून्य आहे त्याला १५ च हवेत, शंभरात ३० वेळा. परिस्थिती फार अनुकूल असेल, समजा शत्रू बेसावध आहे, तर दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. याला अॅडव्हांटेज म्हणतात. एका फाशाने ११ किंवा जास्त येण्याची शक्यता निम्मी असते, दोन फाशांनी ती ७५ टक्क्यांवर जाते. उलट परिस्थितीत दोन टाकून लहान घ्यायचा. चार-पाच प्रकारची अधिक-उणी गणितं करण्यापेक्षा हा एक नियम कितीतरी बरा, आणि संचात सगळ्यांत लवकर अंगवळणी पडतो तो हाच.

बाकीचे पाच फासे, चार, सहा, आठ, दहा आणि बारा बाजूंचे, मुख्यतः मार किती बसला ते मोजायला. घाव बसला का, हे वीसचा सांगतो. किती बसला, हे दुसरा सांगतो. नवखे दोन्ही एकाच फाशाने करतात, म्हणून डीएमने प्रत्येक वेळी मोठ्याने म्हणावं: आधी वीसचा, मग तलवारीचा.

पहिली लढाई कामून अंगाशी येते

कुणाला खेळाडू म्हणून बसायचं असेल तर हा भाग सोडून पुढं जा, यात दोन्ही खोक्यांच्या सुरुवातीची गोष्ट फुटते.

२०१४ च्या संचात पहिल्याच वाटेवर चार गॉब्लिन दबा धरून बसलेले असतात. पुस्तिका वाचताना हा प्रसंग किरकोळ वाटतो. आकडे मांडले की तसं वाटत नाही. गॉब्लिनचा बचावाचा आकडा, म्हणजे एसी, १५ आणि एचपी, म्हणजे अंगातला जीव, ७. त्याच्या हल्ल्याला +४, मार एक सहाचा फासा अधिक २, म्हणजे ३ ते ८. समोर जादूगार, एसी १२, एचपी ८. गॉब्लिनला फाशावर ८ किंवा जास्त हवेत, शंभरात ६५ वेळा. चौघांनी त्याच्यावरच बाण सोडले तर सरासरी अडीचाच्या वर बाण लागतात, आणि दोन लागले तरी तो जवळपास नक्कीच आडवा. म्हणजे त्या खेळाडूने तोंडही उघडलं नाही आणि त्याचं पात्र जमिनीवर! आता आपली बाजू पाहा. लढवय्याला +५, एसी १५ विरुद्ध ५५ टक्के. हातात लांब तलवार धरली तर मार आठचा फासा अधिक ३, म्हणजे सात एचपी संपवायला फाशावर ४ किंवा जास्त हवेत, आठपैकी पाच बाजू. दोन्ही गुणले की एका घावात गॉब्लिन मरण्याची शक्यता ३४ टक्के. ढोबळमानाने तीन घावांना एक. शिवाय गॉब्लिन घाव घालून त्याच पाळीत पुन्हा झुडपात लपू शकतो.

यावर तीन उपाय आहेत आणि तिन्ही नियम न मोडता करता येतात. सुरुवातीला दोनच गॉब्लिन आणा, उरलेले दोन तिसऱ्या फेरीत, आणि खेळाडू रडकुंडीला आलेले असतील तर आणूच नका. प्रत्येक गॉब्लिनने वेगळ्या पात्रावर नेम धरावा. आणि दोन पडले की उरलेले पळतात, कारण ते भित्रे लुटारू आहेत, त्यांना जीव द्यायचा नाही. हरलेच तर पुस्तिकेतच सोय आहे: गॉब्लिन पात्रांना बेशुद्ध टाकून सामान लुटून नेतात आणि गोष्ट पुढं चालते. गडबडीत वाचणारा डीएम नेमकी हीच ओळ चुकवतो.

२०२२ च्या संचात हा धडा बनवणाऱ्यांनी घेतलेला दिसतो. तिथं सुरुवातीला समुद्रातून झॉम्बी येतात. झॉम्बीचा एसी ८, म्हणजे +५ वाल्याला फाशावर ३ आले तरी पुरे, शंभरात ९० वेळा घाव बसतो. त्याचा वेग २० फूट आणि आपला बहुधा ३०, त्यामुळं मागं सरकायला वाव राहतो. एचपी २२ असल्याने तो लगेच मरत नाही, पण नवख्याला पहिल्या दिवशी घाव बसल्याचा आनंद लागतो. फक्त एक नियम डीएमने लक्षात ठेवावा. झॉम्बीचे एचपी शून्यावर आले की तो दमाचा फासा टाकतो, गाठायचा आकडा ५ अधिक बसलेला मार. जमलं तर १ एचपी घेऊन तो पुन्हा उभा.

एचपी शून्य म्हणजे मरण नव्हे, हेही आधीच सांगा, नाहीतर लहान पोराच्या डोळ्यांत पाणी येतं. शून्यावर गेलेलं पात्र दर पाळीला नुसता वीसचा फासा टाकतं. १० किंवा वर आलं तर एक खूण जगण्याची, खाली आलं तर एक मरणाची. जगण्याच्या तीन झाल्या की जीव टिकला, मरणाच्या तीन झाल्या की खेळ आटोपला. १ आला तर मरणाच्या दोन खुणा, आणि २० आला तर १ एचपी घेऊन पात्र उठून बसतं. ही पाळी आली की सगळं घर श्वास रोखून फाशाकडं बघतं, आणि नेमक्या त्या वेळी फासा कलंडतो. फासा सतरंजीवर टाकला की सुरकुतीत तिरका अडकतो, त्यावरून भांडणं होतात. परातीत जुना रुमाल पसरा आणि त्यातच फासे टाका. आवाज होत नाही, फासा पलंगाखाली जात नाही, तिरका पडला तर लगेच कळतं.

जादूगाराचा कागद सगळ्यांत किचकट, तो मोठ्या किंवा धीराच्या खेळाडूकडं द्या. त्याच्याकडं दोन प्रकारचे मंत्र असतात. कॅन्ट्रिप ही हातातली काठी आहे, कितीही वेळा चालवा. बाकीच्या मंत्रांना स्लॉट लागतो, ती काडतुसं आहेत, आणि पहिल्या पातळीच्या जादूगाराकडं दोनच. मंत्र पाच माहीत असले तरी बार दोनच. त्याच्या कागदावर दोन चिंचोके ठेवा, मंत्र टाकला की एक उचला. आठ तासांची लांब विश्रांती झाली की दोन्ही परत. दोन बार कमी वाटतात, पण २०१४ च्या नियमांत स्लीप या मंत्राला आठचे पाच फासे पडतात, सरासरी २२.५. प्रत्येकी सात एचपीचे तीन गॉब्लिन एका दमात झोपतात. वर जी लढाई जड दिसली ती अशी एका मंत्राने फिरते. खोक्यात आठचा फासा एकच आहे, म्हणून तो पाचदा टाकून बेरीज करायची, आकडे कागदावर मांडत जा.

मराठीत सांगायचं कसं

खोका एक गोष्ट शिकवत नाही: गोष्ट सांगणं. पुस्तिकेत डीएमने मोठ्याने वाचायचे चौकटीतले उतारे आहेत, इंग्रजीत. ते तसेच वाचले तर पोरं गप्प होतात. शब्दाला शब्द लावून मराठी केलं तर ‘दोन्ही बाजूंनी घनदाट वनराईने वेढलेल्या मार्गावरून तुम्ही मार्गक्रमण करीत आहात’ असं काहीतरी होतं आणि मोबाईल बाहेर निघतात. उतारा आदल्या रात्री वाचा, पुस्तक मिटा आणि वहीत तीनच गोष्टी लिहा: काय दिसतं, काय ऐकू येतं, काय खटकतं. मग बोला:

‘वाट खाली उतरलीय. दोन्हीकडं झाडी, ऊन भुईला लागंना. पाखराचा आवाज नाही. पुढं वाटेत काहीतरी आडवं पडलंय. घोडं आहे. एक नाही, दोन. अंगात काळ्या पिसांचे बाण. काय करता?’

‘ताई, मेलीत का ती?’

‘जवळ जाऊन बघणार का लांबूनच?’

‘लांबून. मी झाडामागं उभा राहून बघलालो.’

‘मग भानाचा फासा टाक. तुझ्या कागदावर पर्सेप्शनपुढं, म्हणजे चाहूल घेण्यापुढं, काय लिहिलंय?’

‘तीन.’

‘टाक.’

‘नऊ. नऊ न तीन बारा.’

‘डाव्या अंगाच्या झुडपात पानं हलली. वारं नाही.’

एवढंच. पोराने नियमाचं नाव घेतलेलं नाही, ‘झाडामागून बघतो’ म्हटलं आणि कोणता फासा लागतो ते डीएम झालेल्या ताईने ठरवलं. खेळाडूने फाशाचं नाव घेऊन बोलायचं नसतं, काय करतोय ते सांगायचं असतं. ही सवय पहिल्या तासात लागली तर पुढचं आपोआप येतं. आणि ताईच्या वर्णनातलं शेवटचं वाक्य ‘काय करता?’ कधी गाळू नका, त्याच्याशिवाय कुणाला बोलायचं ते कळत नाही. बोली आपलीच ठेवा. एसी, एचपी, स्लॉट, लेव्हल हे शब्द इंग्रजीच राहू द्या, पोरांना मोबाईलच्या खेळांतून त्यांतले बरेच आधीच माहीत असतात.

बसायची तयारी थोडक्यात. एक डीएम आणि चार खेळाडू ही चांगली संख्या. खोक्यावर वय १२ च्या पुढे लिहिलं आहे. वीसचा फासा एकच असल्याने पाच जणांत फार वेळ जातो, निदान आणखी दोन मागवा किंवा मोबाईलवरचं फासे टाकायचं अॅप वापरा. तेही नको असेल तर १ ते २० च्या चिठ्ठ्या डब्यात, काढली की परत टाकायची, नाहीतर शक्यता बिघडते. नकाशाला गणिताची चौकटीची वही, एक चौकट म्हणजे ५ फूट. बुद्धिबळाचा पट असेल तर तो ४० फूट बाय ४० फुटांची खोली झाला, प्यादी म्हणजे गॉब्लिन. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात कागद उडतात, परीक्षेची क्लिपवाली पॅडं काढा. एका बैठकीला तीन तास धरा, पैकी पहिली लढाई पाऊण तास खाईल. डीएमने सगळी पुस्तिका वाचायची गरज नाही, पहिला भाग दोनदा नीट वाचला तर पहिली बैठक निघते.

खोका संपल्यावर

२०२२ च्या खोक्यातली गोष्ट पात्रांना तिसऱ्या पातळीपर्यंत नेते, २०१४ ची पाचव्यापर्यंत. त्यानंतर दुसरी कथा विकत घ्यायलाच हवी असं नाही. शाळेच्या सहलीला दौलताबादला गेलेल्या पोरांनी तयार डन्जन पाहिलेलं आहे. देवगिरीचा खंदक, तो ओलांडायला एकच वाट, आणि मग कातळातून वर जाणारी अंधारी. वळणावळणाची, पायऱ्या लहानमोठ्या, वटवाघळांचा वास. हे सगळं खेळाच्या नियमांत जसंच्या तसं बसतं. या दोन्ही खोक्यांच्या नियमांत एल्फ (टोकदार कानांचे) आणि ड्वार्फ (बुटके, दणकट) या वंशांना अंधारात ६० फुटांपर्यंत अंधुक दिसतं, माणसाला दिसत नाही. माणसाला मशाल लागते. मशालीचा लख्ख उजेड २० फूट, पुढं आणखी २० फूट अंधुक, आणि ती एक तास जळते. मशाल धरली की एक हात गुंतला, म्हणजे ढाल तरी ठेवा नाहीतर तलवार तरी, आणि वरच्या शत्रूला तुम्ही लांबून दिसलात. वाट इतकी अरुंद ठेवा की पुढं एकच जण लढेल. धनुर्धाऱ्याला नेम धरायला जागा नाही, जादूगाराला पुढचं दिसत नाही. मग पोरं आपणहून विचार करायला लागतात: मशाल विझवायची का, ड्वार्फला पुढं घालायचं का, दोरी लावून दुसरीकडून चढता येईल का. तीन वळणं, दोन पहारेकरी आणि वर एक बंद दार, एका बैठकीला पुरेसं होतं. धाराशिवकडच्यांनी नळदुर्गचा पाणी महाल घ्यावा. बंधाऱ्याच्या पोटात महाल आणि डोक्यावरून कोसळणारं बोरी नदीचं पाणी, तिथं ओरडलेलं कुणाला ऐकू जात नाही, म्हणजे चाहुलीच्या प्रत्येक फाशाला दोन टाकून लहान घ्या.

आणि हे मराठीत लिहून वाटायचं असेल तर वाट मोकळी आहे. खेळाच्या मूळ नियमांचा एक मोठा भाग जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला आहे. मूळ श्रेय छापलं की त्याचा अनुवाद करता येतो, छापता येतो, विकताही येतो. खोक्यातली कथा आणि चित्रं मात्र त्यात येत नाहीत, त्यांच्या प्रती काढून वाटू नका. दोन पानांत मावेल एवढा मराठी तक्ता आधी करा: सहा गुण, गाठायचे आकडे १०, १५, २०, पाळीत काय काय करता येतं, शून्यावर गेल्यावर काय. नियमपुस्तिका दर पाच मिनिटांनी उघडावी लागते ती एवढ्याचसाठी.

बैठक मोडताना लगेच उठू देऊ नका. प्रत्येकाने कागदाच्या पाठीमागं तारीख घालून उरलेले एचपी, उरलेले स्लॉट, बाण किती आणि कोण कुठं उभा होता हे लिहावं, डीएमने पटाचा फोटो काढावा. पुढची बैठक दिवाळीच्या सुट्टीत झाली तरी गॉब्लिन त्याच झुडपात सापडला पाहिजे.